दारावरचा पोचा आणि तुटलेले प्लास्टिक: गाडीच्या दाराची घरच्या घरी दुरुस्ती

गाडीच्या दाराला धडक बसली किंवा अरुंद जागेतून गाडी काढताना दार खांबाला घासले, तर बाहेरून एकच नुकसान दिसते, पण दुरुस्तीची कामे दोन असतात. पत्र्याला पडलेला पोचा हे पहिले काम. त्या धक्क्याने, किंवा पुष्कळदा दार उघडून पाहण्याच्या आपल्याच घाईने, तुटलेले प्लास्टिक हे दुसरे. दोन्ही कामे घरी करता येतात, मात्र दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. पत्रा ज्या क्रमाने बिघडला त्याच्या उलट क्रमाने त्याला मागे आणावे लागते, आणि प्लास्टिकला हात लावण्याआधी ते कोणत्या जातीचे आहे हे ओळखावे लागते. एवढे सांभाळले तर साध्या अवजारांतही नेटके काम होते.

आधी दार नीट पाहावे

दाराचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याची कड आतल्या सांगाड्यावर दुमडून बसवलेली असते. या दोहोंच्या मधल्या पोकळीत काच वर-खाली करणारी यंत्रणा, कुलूप, वायरी आणि बाजूने बसणाऱ्या धडकेचा मार झेलणारी पोलादी आडवी दांडी असते. घरी हात घालायचा तो फक्त बाहेरच्या पत्र्याला. आडवी दांडी वाकली असेल, बिजागऱ्यांजवळचा किंवा कुलपाजवळचा भाग मुरगळला असेल, दार उचलून लावावे लागत असेल, किंवा दार आणि शेजारचा पत्रा यांच्यातली फट वर एक आणि खाली एक दिसत असेल, तर ते घरचे काम नव्हे. अशी दांडी ठोकून सरळ केली तरी तिची मूळची ताकद परत येत नाही. तिथे दार बदलणेच योग्य.

एक लोहचुंबकही दाराला लावून पाहावे. तो चिकटला नाही, तर दार बहुधा ॲल्युमिनियमचे आहे. ॲल्युमिनियम पोलादासारखे सहज मागे येत नाही, लवकर तडकते, आणि पोलादावर वापरलेल्या अवजारांचे कण त्यात रुतले तर तिथून गंज धरतो. पहिल्याच प्रयत्नासाठी असे दार निवडू नये. पुढे जे लिहिले आहे ते पोलादी दाराबद्दल आहे.

आतले पॅनेल काढताना

पोचा आतून ढकलायचा तर दाराचे आतले पॅनेल काढावे लागते, आणि सर्वांत जास्त प्लास्टिक याच पायरीवर तुटते. काच पूर्ण वर करून ठेवावी, म्हणजे पोकळीत हात जायला जागा होते. त्यानंतर बॅटरीचे ऋण टोक सोडून किमान दहा मिनिटे थांबावे. अनेक गाड्यांत बाजूच्या एअरबॅगला धडकेची खबर देणारा सेन्सर दारातच असतो, आणि अशा दारावर वीज चालू असताना ठोकाठोकी करणे धोक्याचे आहे.

पॅनेल स्क्रूंनी आणि दाबून बसणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपांनी धरलेले असते. त्यातले स्क्रू सहसा दिसत नाहीत. दार ओढायच्या मुठीच्या तळाशी, आतल्या हँडलमागच्या लहानशा झाकणाखाली, खिडकीच्या बटणांच्या पट्टीखाली, कधी दाराच्या कडेवरच्या लाल परावर्तकामागे ते लपलेले असतात. पॅनेल एखाद्या ठिकाणी हटून बसले, तर तिथे क्लिप नसून एखादा राहून गेलेला स्क्रू आहे असे समजावे आणि जोर न लावता तो शोधावा. सगळे स्क्रू निघाल्यावर खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून प्लास्टिकची चपटी पट्टी क्लिपच्या अगदी शेजारी सरकवावी आणि एकेक क्लिप सोडवावी. दोन क्लिपांच्या मधोमध ओढले की क्लिप दारातच राहते आणि पॅनेलवरची तिची बैठक उखडून येते. थंडीत प्लास्टिक ठिसूळ होते, म्हणून गार हवेत काम करायचे असल्यास गाडी आधी उबदार जागी ठेवावी किंवा पॅनेलची कड हेअर ड्रायरने कोमट करून घ्यावी. खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या क्लिपा सुटल्या की पॅनेल सरळ वर उचलून काचेच्या कडेच्या खोबणीतून काढायचे असते. ते झटक्याने दूर ओढू नये, कारण मागे वायरींचे कनेक्टर आणि हँडलची तार अजून जोडलेली असते.

पॅनेलमागे काळ्या चिकट रबरी धाग्याने लावलेला प्लास्टिकचा किंवा फोमचा पडदा असतो. तो बिनकामाचा वाटतो, पण काचेवरून दारात उतरणारे पावसाचे पाणी गाडीत येऊ न देण्याचे काम तोच करतो. माझ्या पहिल्या दुरुस्तीत मी हा पडदा ओढून फाडला आणि तसाच पॅनेलमागे दडपून टाकला. पत्र्याचे काम उत्तम झाले होते, पण पहिल्याच मोठ्या पावसानंतर पायाखालचा गालिचा चिंब झाला आणि पाणी कुठून येते हे समजायला मला दोन आठवडे लागले. म्हणून चिकट धागा ब्लेडने उभा कापत जावे, पडदा एका बाजूने सोलून वर गुंडाळून टेपने धरून ठेवावा, आणि चिकट भागाला धूळ किंवा बोटे लागू देऊ नयेत.

पोचा काढणे

लहान, उथळ, कडा न मोडलेला आणि रंग न तडकलेला पोचा पॅनेल न काढताही निघू शकतो. त्यासाठी पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून गरम गोंदाने प्लास्टिकची घुंडी चिकटवतात आणि ती हळूहळू ओढतात. एका जोरदार ओढीपेक्षा दहा हलक्या ओढी चांगल्या. दार पूर्वी रंगवलेले असेल, तर मात्र या पद्धतीत गोंदाबरोबर रंगही निघून येण्याची भीती असते. उकळते पाणी ओतण्याचा उपाय बराच सांगितला जातो. तो प्लास्टिकच्या बंपरला लागू पडतो, कारण गरम झालेले प्लास्टिक मूळ आकाराकडे वळते. पोलादी पत्रा त्या तापमानाला नरम पडत नाही.

मोठ्या पोच्याकडे पाहताना एक गोष्ट समजून घ्यावी लागते. पत्र्याचा मधला भाग आत गेला की त्याच्या कडेने शेतातल्या वरंब्यासारखी एक उंच कड उठते, आणि पोचा मागे येऊ न देणारी खरी अडचण ही कडच असते. खोलगट भागाचा बहुतेक पत्रा नुसता वाकलेला असतो, त्याला परत यायचेच असते. वरंब्याचा पत्रा मात्र मोडून कडक झालेला असतो आणि तो बाकीच्याला अडकवून ठेवतो. म्हणून पोच्याच्या मध्यावर आतून जोरात हाणणे हा सर्वांत वाईट आरंभ आहे. जो भाग शेवटी बिघडला तो आधी सुधारायचा, आणि धडकेचा पहिला ठोसा जिथे बसला तो सर्वांत खोल बिंदू शेवटी घ्यायचा.

प्रत्यक्षात ते असे करावे. एका हाताने आतून, पोच्याच्या उथळ बाजूला, फडक्यात गुंडाळलेला लाकडी दांडा किंवा पोलादी ठोकळा टेकवून एकसारखा दाब द्यावा. या ठोकळ्याला डेंटिंगच्या कामात डॉली म्हणतात. दुसऱ्या हाताने बाहेरून वरंब्यावर नायलॉनच्या किंवा रबरी तोंडाच्या हातोडीने हलक्या टिचक्या माराव्यात. डॉली आत गेलेल्या उथळ भागाखाली आणि हातोडी शेजारच्या उंच भागावर, अशी दोन्ही वेगवेगळ्या जागी असली पाहिजेत. हातोडी थेट डॉलीवर पडली, तर मधला पत्रा चेपून पातळ होतो आणि पसरतो. पसरलेल्या पत्र्याला त्या जागेत मावता येत नाही. मग तो बोटाने दाबला की टक्कन आत जातो आणि सोडला की बाहेर येतो. असा सैल पडलेला पत्रा उष्णतेने आकसून घ्यावा लागतो, आणि ते काम अनुभवी कारागिरावरच सोपवलेले बरे.

आठ-दहा टिचक्यांनंतर थांबून पत्रा तपासावा. डोळा इथे फसतो, तळहात फसत नाही. हातावर पातळ सुती फडके घ्यावे, म्हणजे रंगाचा खरखरीतपणा लागत नाही आणि फक्त चढ-उतार जाणवतात. पंजा पूर्ण सपाट ठेवून, बोटांच्या टोकांवर भार न देता, चांगल्या पत्र्यापासून सुरुवात करून पोच्यावरून पलीकडच्या चांगल्या पत्र्यापर्यंत लांब हात फिरवावा, आधी आडवा आणि मग तिरपा. कोणता भाग उंच आणि कोणता खोल हे पेन्सिलीने तिथेच लिहावे. त्यानंतर दारापासून जरा बाजूला ट्यूबलाइट किंवा लांब दिवा धरून पत्र्यातले त्याचे प्रतिबिंब पाहावे. पत्रा सपाट असेल तिथे प्रकाशाची रेघ सरळ धावते, आणि किंचितही खोलगट असेल तिथे ती वाकते किंवा तिची रुंदी बदलते. या दोन परीक्षांना जो कंटाळतो त्याचे काम रंग वाळल्यावर उघडे पडते, हे मी स्वतःच्या आणि इतरांच्याही दारांवर पुष्कळदा पाहिले आहे.

पत्रा मूळ पातळीपेक्षा एक ते दीड मिलिमीटर खाली असताना ठोकणे थांबवावे. किंचित खोल राहिलेला पत्रा भरून काढता येतो, उंच राहिलेला कशानेच झाकत नाही.

लांबी आणि रंग

लांबी, म्हणजे पॉलिएस्टरची पुट्टी, पोच्याची खोली भरण्यासाठी नसते. ठोकून आलेल्या पत्र्यावरची शेवटची उणीव भरण्यासाठी असते. तिचा थर ३ मिलिमीटरच्या वर गेला, तर दार आपटण्याच्या धक्क्यांनी तो काही महिन्यांत तडकू शकतो. लांबीखालचा रंग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने काढून पोच्याच्या कडेबाहेर ३ ते ५ सेंटिमीटरपर्यंत पत्रा उघडा करावा, रंगाच्या कडा उतरत्या घासाव्यात आणि सगळे तेलकटपण पुसून घ्यावे. गंजाचा ठिपका राहिला तर तो वरच्या थरांखाली वाढतच राहतो, म्हणून तो संपूर्ण घालवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

१०० ग्रॅम लांबीला सुमारे २ ग्रॅम हार्डनर, म्हणजे ती घट्ट करणारे रसायन, पुरतो. डब्यावर वेगळे प्रमाण दिले असेल तर तेच पाळावे. लवकर वाळावे म्हणून जास्त हार्डनर घातला तर त्याचा डाग पुढे रंगातून वर येतो. मिश्रण फेटू नये, कारण फेटल्याने हवा अडकते आणि घासताना सुईच्या टोकाएवढी भोके उघडतात. पात्याने दाबून, घडी घालत, रंग एकसारखा होईपर्यंत कालवावे. हाती वेळ चार-पाच मिनिटांचाच असतो, उन्हाळ्यात त्याहूनही कमी, म्हणून थोडे थोडे कालवून पातळ थर द्यावेत. साधारण अर्ध्या तासाने लाकडी ठोकळ्यावर ताणलेल्या ८० नंबरच्या, मग १८० आणि ३२० नंबरच्या पेपराने तिरप्या दिशांनी घासावे. नुसत्या बोटांखाली पेपर धरला की बोटांच्या आकाराचे चर पडतात. लांबी पाण्याने घासू नये. ती पाणी शोषून घेते आणि तेच पाणी पुढे रंगाखाली फोड आणते. वर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारून पुन्हा घासले, तर जिथे काळे उरते तिथे खड्डा आहे हे लगेच कळते.

उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर भरणारा प्रायमर, तो वाळल्यावर ६०० नंबरच्या पेपराने ओले घासणे, मग रंगाचे दोन-तीन पातळ हात आणि शेवटी पारदर्शक क्लिअर, असा क्रम आहे. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत आणि फवाऱ्याचा डबा दारापासून २० सेंटिमीटरच्या आसपास धरून प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा. रंगाचा कोड गाडीवरच्या स्टिकरवर सापडतो, बहुधा दाराच्या चौकटीत किंवा बॉनेटखाली. तरीही कोडाप्रमाणे आणलेला रंग आधी पुठ्ठ्यावर मारून, वाळवून, उजेडात दाराशेजारी धरून पाहावा. मेटॅलिक रंगाचा तुकडा दाराच्या मधोमध कधीच लपत नाही. क्लिअर तरी कडेपर्यंत संपूर्ण दारावर न्यावे.

एका बाबतीत मी आग्रहाने सांगेन. हार्डनर मिसळून मारायच्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो. साध्या कापडी मास्कने किंवा धुळीच्या मास्कने ते अडत नाही. घरी हार्डनर नसलेले क्लिअर वापरावे, तेही मोकळ्या हवेत आणि सेंद्रिय वाफांसाठी असलेली काडतुसे बसवलेला मास्क लावूनच. अधिक टिकाऊ क्लिअर हवे असेल तर तेवढे काम रंगाच्या गॅरेजला द्यावे.

तुटलेले प्लास्टिक

प्लास्टिकच्या तुकड्याची मागची बाजू आधी वाचावी. दोन बाणांच्या मध्ये रोमन अक्षरांत त्याची जात छापलेली असते: पीपी, एबीएस, पीसी अधिक एबीएस, पीए. दाराच्या पॅनेलमध्ये पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, पुष्कळ वापरतात, आणि हेच असे प्लास्टिक आहे की ज्यावर नेहमीचा कोणताही गोंद धरत नाही. सुपरग्लूने जोडलेले पॅनेल आठवड्याभरात सुटते, तेव्हा दोष गोंदाच्या दर्जाचा नसतो. गोंद त्या पृष्ठभागावर पसरून चिकटतच नाही.

छाप सापडली नाही, तर मागच्या बाजूचा एक लहान कातरा पाण्यात टाकावा. तरंगला तर तो पीपीच्या कुळातला आहे. बुडाला, तरी पीपी नाही असे लगेच ठरवू नये, कारण शंखजिऱ्याची पूड मिसळलेले पीपी जड असते आणि बुडते. अशा वेळी न दिसणाऱ्या जागी ॲसिटोनचा बोळा फिरवावा. एबीएस लगेच चिकट होते, पीपीवर काहीच परिणाम होत नाही.

एबीएस जोडणे सोपे आहे. त्याच जातीच्या प्लास्टिकचा चुरा ॲसिटोनमध्ये मधाइतका दाट होईपर्यंत विरघळवावा, भेगेत भरावा, तुकडे घट्ट बांधून ठेवावेत आणि पूर्ण २४ तास हात लावू नये. हा जोड म्हणजे गोंद नव्हे, प्लास्टिकच पुन्हा एकजीव होते. ॲसिटोन झटकन पेटते, म्हणून जवळ ज्योत किंवा तापलेली इस्त्री असू नये.

पीपीला मात्र उष्णतेनेच जोडावे लागते. भेग जिथे संपते तिथे २ ते ३ मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे ती पुढे धावत नाही. तुकडे नेमके जुळवून पुढच्या बाजूने टेपने धरावेत, मागून भेगेच्या दोन्ही कडा तासून निम्म्या जाडीपर्यंत उतरता चर करावा, आणि सोल्डरिंगच्या इस्त्रीच्या चपट्या टोकाने चराचा तळ आधी ठिकठिकाणी टाचून घ्यावा. स्टेनलेस स्टीलच्या जाळीची पट्टी भेगेवर आडवी ठेवून इस्त्रीने हलकेच दाबली की ती लोण्यात बुडावी तशी प्लास्टिकमध्ये उतरते. त्यावर त्याच प्लास्टिकची कांडी वितळवून भरावी. कडा ओलसर चमकू लागल्या की तापमान बरोबर आहे. धूर दिसला की प्लास्टिक जळते आहे आणि तो जोड ठिसूळ होणार. इस्त्री काढून थोडे थांबावे. जोड आपोआप निवू द्यावा, पाणी मारू नये. केबल बांधायच्या पट्ट्या वितळवून भरण्याची युक्ती बरेच जण सांगतात, पण त्या नायलॉनच्या असतात आणि नायलॉन पीपीशी एकजीव होत नाही. वरून भरलेले दिसते आणि पहिल्या ताणाला सुटते. जुन्या पीपी बंपरच्या कापलेल्या पट्ट्या याहून कितीतरी चांगल्या.

क्लिपच्या बैठका आणि स्क्रूचे खांब तुटले असतील, तर तुकडा हरवला नसेल तोवर काळजीचे कारण नाही. तो जागेवर टाचून भोवती जाळीची कड उभी करावी आणि वर प्लास्टिक चढवावे. एबीएसच्या खांबाला सुपरग्लूचा थेंब आणि त्यावर खाण्याच्या सोड्याची चिमूट हा उपाय खरोखर चालतो. मिश्रण क्षणात दगडासारखे घट्ट होते, पण त्या वेळी तापते आणि वाफ सोडते, म्हणून तोंड लांब ठेवावे. दिसणाऱ्या बाजूवरची भेगेची बारीक रेघ कोणत्याही पद्धतीने पूर्ण जात नाही. खरखरीत पोताच्या पॅनेलवर ती घासायला गेल्यास पोत जातो आणि डाग रेघेपेक्षा ठळक होतो, तेव्हा ती तशीच ठेवावी.

दाराच्या बाहेरची पट्टी बहुधा दुतर्फा फोम टेपने चिकटवलेली असते. ती कोमट करून मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा ओढला की न मोडता निघते. परत लावताना जुन्या टेपचा कण राहू देऊ नये, पृष्ठभाग अल्कोहोलने पुसावा, पट्टी दाबून बसवावी आणि एक-दोन दिवस गाडी धुऊ नये.

परत जोडणी

पॅनेल बसवण्याआधी ठोकलेल्या जागी पत्र्याच्या आतल्या बाजूला गंजरोधक मेणाचा फवारा द्यावा, कारण आतला रंगही ठोकताना तडकलेला असतो. दाराच्या तळाची पाणी निघायची भोके मेणाने बुजणार नाहीत हे पाहावे. क्लिपा नव्याच घालाव्यात. एकदा ओढलेल्या क्लिपचे कान दबतात आणि पॅनेल खडखडू लागते. पडदा सर्व बाजूंनी दाबून चिकटवावा, सगळे कनेक्टर आणि हँडलची तार जोडावी, आणि पॅनेल दाबण्याआधी बॅटरी जोडून काच, कुलूप आणि हँडल चालवून पाहावे. ही चाचणी मात्र दार उघडे ठेवूनच करावी, ते लावून घेऊ नये, कारण आतले हँडल चालले नाही तर दार उघडणे कठीण जाते. कुलपाची जीभ स्क्रू ड्रायव्हरने मिटवून, हँडलने सोडवून खात्री करावी. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटून राहिला, तर गाडी वापरण्याआधी ती तपासून घ्यावी.

पॅनेल बसल्यावर काच बंद ठेवून तिच्यावर पाच मिनिटे नळीने पाणी सोडावे. दाराच्या तळातून ते वाहत बाहेर आले पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी पायाखालच्या गालिच्यावर कोरडा कागद दाबून धरावा. तो ओला झाला, तर पडदा कुठेतरी सुटला आहे आणि पॅनेल पुन्हा काढावे लागेल.